टूरिंगच्या दुचाकीला आरसे आणि जादा दिवे : मूळ वायरिंगला कात्री न लावता

आधी आरसे, मग दिवे. हा क्रम मी एकदा उलटा केला आणि एकच काम दोनदा करत बसलो. जादा दिव्यांचं बटण बऱ्याच गाड्यांवर आरशाच्या दांडीखालच्या पट्टीवरच बसतं. दिवे लावून झाले, वायरी टाय मारून बांधून झाल्या, आणि मग आरसा बदलायला गेलो तर बटण खोलल्याशिवाय चेकनटला, म्हणजे दांडी बुडाशी आवळणाऱ्या नटला, पानाच लागेना.

मी नेरूळला राहतो. काम करायची जागा म्हणजे सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग, वेळ रविवारी सकाळची, आणि मदतीला वॉचमन काका. मी मेकॅनिक नाही, पण स्वतःच्या दोन आणि मित्रांच्या चार-पाच गाड्यांचं हे काम हातून गेलंय. चुकाही झाल्यात, त्या जिथल्या तिथे सांगतो.

जादा दिवे लागतात तरी कशाला, हा प्रश्न पाम बीच रोडपुरता बरोबर आहे. तिथे खांबांचा उजेड एवढा असतो की हेडलाइट चालू आहे की बंद हे कळत नाही. पण दुचाकीला अटल सेतू बंद, पुण्याचा एक्स्प्रेस वेही बंद. मग लोणावळ्याला जुन्या हायवेने खोपोलीवरून चढायचं, कोकणात पनवेल-पेण-वडखळ करत उतरायचं, नाहीतर कल्याण-मुरबाड-टोकावडे करत माळशेज गाठायचा. या रस्त्यांवर मध्येच संपणारा दुभाजक असतो आणि डांबराच्या रंगाची म्हैस असते. म्हैस हेडलाइटच्या झोतात कधीच नसते, नेहमी कडेला असते. त्यामुळे आपल्याला मुख्यतः कडेचा उजेड हवा आहे, लांबचा नंतर.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कडक शब्दांत सांगितलं. कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीच्या कंपनीने स्वतः अ‍ॅक्सेसरी म्हणून दिलेले दिवे बसवले तर वादाला जागा कमी राहते. बाहेरचे बसवलेत तर शहरात ते बंद आणि झाकलेले ठेवा. लुकलुकणारा मोड असेल तर तो कायमचा विसरून जा. दुसरा कामाचा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ क्रमांकाचा. समोरचा दिवा कायमचा खाली झुकलेला हवा, इतका की ८ मीटर पुढे, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. हे तीन आकडे लक्षात ठेवा. शेवटी भिंतीसमोर दिवे लावताना त्यांचाच उपयोग आहे.

आरसे

दुकानात जाण्याआधी जुना आरसा खोलून हातात घ्या. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींना १० मिमीचे, १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) आटे असतात. स्कूटरना आणि काही छोट्या गाड्यांना ८ मिमीचे. यामाहाच्या गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेला माणूस पान्यावर लोंबकळतो आणि क्लचच्या किंवा ब्रेकच्या धारकातले आटे खाऊन टाकतो. धारक अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आरशाची दांडी लोखंडाची. भांडणात कोण हरतं ते सांगायला नको. आटे जुळत नसतील तर उलट-सुलट किंवा ८ ते १० मिमी करणारे अडॅप्टर मिळतात, तेच घ्या. नवीन आटे पाडून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

आकाराबद्दल एक मोजमाप उपयोगी पडतं. मोटरसायकलच्या आरशांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ८१ क्रमांकाच्या नियमात आरशाच्या काचेचं क्षेत्रफळ किमान ६९ चौरस सेंटीमीटर आणि गोल आरसा असेल तर व्यास किमान ९४ मिमी सांगितला आहे. खिशात पट्टी घेऊन जा. शोसाठी विकले जाणारे पुष्कळ चपटे, टोकदार आरसे या मापात बसत नाहीत, आणि त्यांत मागचं काय दिसतं? आपलं कोपर. चांगल्या आरशाच्या पाठीवर किंवा काचेवर वर्तुळात ई आणि एक आकडा, म्हणजे मंजुरीची खूण, कोरलेला असतो. तो खोटाही छापता येतो, पण निदान मापाला लावून बघता येतं.

काच सपाट घ्यायची की फुगीर? फुगीर. सपाट आरशात गाडी जेवढी आहे तेवढीच लांब दिसते हे खरं, पण शेजारची लेन दिसतच नाही. फुगीर काचेत मागचा ट्रक खऱ्यापेक्षा लांब वाटतो, ती सवय दोन दिवसांत होते. निळसर काचेच्या नादी लागू नका. रात्री मागच्या गाडीचा झोत थोडा सौम्य होतो, पण पावसाळी संध्याकाळी तीच काच सगळं अंधुक करते.

हँडलच्या टोकाला बसणारे आरसे दिसायला झकास आणि कोपराच्या बाहेरचं छान दाखवतात. पण गाडी दोन्ही बाजूंनी रुंद होते. सकाळी नऊ वाजता घोडबंदर रोडवर किंवा तीन हात नाक्याला ज्यांना रोज निघायचं आहे त्यांनी ते घेऊ नयेत, रिक्षाचा आरसा पहिल्याच आठवड्यात भेटेल. शिवाय टोकाचं जड वजन काढून तिथे हलका आरसा बसवला की एक सिलिंडरच्या गाडीची थरथर हातात येते.

थरथरीचा मुद्दा आरशालाही आहे. लांब, बारीक दांडीचा आरसा साठच्या वेगाला स्वच्छ दाखवतो आणि ऐंशीला मागचे दोन दिवे चार करतो. दांडी जाड, आखूड आणि जड असलेली बरी. आरसा बाहेर न्यायचा असेल तर लांब दांडीपेक्षा बुडाशी बसणारा छोटा एक्स्टेंडर चांगला.

बसवताना आरसा हाताने फिरवा. पाच-सहा आटे हातानेच आत गेले पाहिजेत. अडकला तर परत काढा, आटे पुसा, पुन्हा लावा. पाना शेवटी, आणि तोही फक्त चेकनटसाठी. नट साधारण १४ चा असतो, पण जुन्यावर एकदा पाना लावून खात्री करा. बुडाला किंचित ग्रीस लावा. आपल्या खाडीकाठच्या हवेत दांडी दोन पावसाळ्यांत गंजून जाम होते. आता हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. दांडी टाकीला, विंडशील्डला किंवा ब्रेक ऑइलच्या डबीला लागत नाही ना, आणि क्लच पूर्ण दाबल्यावर बोट अडकत नाही ना, हे बघा.

सेटिंग गाडी मधल्या स्टँडवर लावून, प्रवासात बसता तसं जॅकेट घालून करा. आरशाच्या आतल्या कडेला कोपराचा थोडासाच भाग दिसावा आणि क्षितिज काचेच्या मध्यावर यावं. मग माझी आवडती परीक्षा. वॉचमन काकांना मागून गाडीच्या उजव्या बाजूने हळूहळू चालत पुढे यायला सांगतो. मी मान सरळ, डोळे आरशात. काका आरशातून नाहीसे झाले की “गेले” म्हणतो, आणि डोळ्याच्या कडेला दिसले की “आले”. गेले आणि आले यांमधलं अंतर म्हणजे तुमची आंधळी जागा. पहिल्या आरशांना ती काकांच्या तीन पावलांची होती, म्हणजे अख्खी स्कूटर मावेल एवढी. आरसे बाहेर सरकवून, किंचित फिरवून ती एका पावलावर आली. शून्य होत नाही, म्हणून लेन बदलताना खांद्यावरून बघणं सुटत नाही. काका आता या कामाला इतके सरावलेत की पार्किंगमध्ये कोणी आरसा हलवताना दिसला तर स्वतःच विचारतात, “चालू का?”

दिवे कुठले घ्यायचे

डब्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवू नका. “६० वॅट” छापलेला एक दिवा मी मल्टीमीटरने मोजला. १२.६ व्होल्टला त्याने १.४ अँपियर घेतले, म्हणजे जेमतेम १८ वॅट. मोजणं सोपं आहे. मीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात घाला, मीटर दिव्याच्या वायरीत मध्ये जोडा, आकडा वाचा, त्याला व्होल्टने गुणा. मोजून झाल्यावर लाल वायर परत व्होल्टच्या भोकात टाका. मी विसरलो, तसंच बॅटरीला लावून व्होल्ट बघायला गेलो, आणि वायरीचं टोक काळं करून बसलो.

गाडी किती भार झेपवते हेही बघायला हवं. मॅन्युअलमध्ये अल्टरनेटरचे, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या भागाचे, वॅट दिलेले असतात, पण ते जोरात फिरत्या इंजिनाचे. आयडलिंगला त्यातले पुष्कळ कमी मिळतात, आणि त्यातूनच हेडलाइट, इंधनाचा पंप, इग्निशन, इंडिकेटर चालतात. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाक्यांना हेडलाइट बंदही करता येत नाही, म्हणजे तेवढा खर्च कायमचा. कागदी हिशेब जमत नसेल तर मीटर लावा. बंद गाडीची भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, चालू गाडीत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. सगळे दिवे, मोबाइलचा चार्जर, ब्रेक लाइट चालू करून थोड्या रेसवर आकडा १३ च्या खाली गेला तर भार जास्त झाला. माझ्या चारशे सीसीच्या आसपासच्या गाडीवर खरे २० वॅटचे दोन पसरट झोताचे दिवे आहेत, एकूण ४० वॅट. घाटात एवढे पुरतात.

पिवळे की पांढरे, यावर चहाच्या टपरीवर तास जातो. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानाने फार मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा-पांढरा असा भेद करत नाहीत, सगळेच रंग सारखे विखुरतात. पिवळ्यात डोळ्यांना त्रास कमी वाटतो, एवढं खरं. धुक्यात कामाला येते ती दिव्याची खालची जागा आणि वरून सपाट कापलेला झोत. वर बसवलेला कुठलाही दिवा माळशेजच्या ढगात समोर पांढरी चादर धरतो.

म्हणून पसरट दिवे खाली, लेग गार्डवर. इंडिकेटर झाकले जाणार नाहीत आणि ऑइल कूलर किंवा रेडिएटरची हवा अडणार नाही, अशा बेताने. दोन्ही दिवे गार्डच्या पाइपच्या आतल्या अंगाला हवेत. गाडी आडवी पडली की बाहेरचा दिवा पहिला जातो. क्लॅम्प घेण्याआधी पाइप मोजा. कॅलिपर नसेल तर पाइपाला दोरा गुंडाळा, लांबी ३.१४ ने भागा. माझ्या गार्डला दोरा ८८ मिमी लागला, म्हणजे पाइप २८ मिमीचा. क्लॅम्पच्या आत रबर हवंच, नाहीतर दिवा हळूहळू मान खाली घालतो आणि गार्डचा रंग खरवडून गंज सुरू होतो. क्लॅम्पच्या बोल्टला निळं थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक, लावा. लाल लावू नका, काढताना रडाल.

दिव्यावर आयपी ६७ लिहिलेलं असावं. याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. धुलाई केंद्रातल्या प्रेशरच्या फवाऱ्याला मात्र ६७ पुरत नाही, तिथे दिव्यांवर हात धरा.

वायरिंग

इथे माझी एक जुनी कहाणी. पहिल्या गाडीचे दिवे मी नवी मुंबईतल्या एका दुकानातून लावून घेतले होते. अर्ध्या तासात काम, वर गाडी पुसून दिली. जुलैमध्ये माळशेज उतरताना एका वळणावर हँडल पूर्ण वळलं आणि हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर, सगळं एकदम गेलं. घरी येऊन टाकी उचलली तेव्हा कळलं. दुकानदाराने हेडलाइटची वायर सोलून त्यावर जादा दिव्यांची वायर पिळली होती, वर काळी टेप. फ्यूज नाही, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. वायर हँडलच्या मानेत चेपून तिचं प्लास्टिक घासलं गेलं होतं, तांबं चेसिसला लागलं आणि त्या सर्किटचा मूळ फ्यूज उडाला. त्या रात्री एका एसटीच्या मागच्या लाल दिव्यांना चिकटून मुरबाडपर्यंत आलो, मागे बसलेला मित्र मोबाइलचा टॉर्च धरून. तेव्हापासून माझ्या गाडीच्या मूळ वायरिंगला कात्री लागत नाही. जादा दिव्यांचं सर्किट वेगळं. ते जळलं तर फक्त तेच जळावं.

सामान थोडंच लागतं. ५ पायांचा १२ व्होल्टचा रिले सॉकेटसह, पाण्यापासून बंद होणारा फ्यूज होल्डर, गाडीची मऊ, अनेक तारांची १.५ चौरस मिमी वायर लाल आणि काळी, बटणासाठी ०.५ ची, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी), थिंबल दाबायची क्रिम्पिंगची पक्कड, नळीदार स्लीव्ह आणि केबल टाय. घरातल्या फिटिंगची उरलेली वायर वापरू नका. तिचं प्लास्टिक इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकतं. रिले, सॉकेट, कपलर (वायरी जोडायचे प्लग) वगैरे सुटं हवं असेल तर लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं. वायरीवर नुसतं दाबून बसणारे निळे-लाल टॅप क्लिप मिळतात, ते घेऊ नका. पावसाळ्यात त्यांच्या फटीतून पाणी जाऊन आतली तार हिरवी पडते.

सुरुवात बॅटरीपासून. आधी काळी, म्हणजे मायनस वायर काढा, मग लाल. जोडताना उलट, लाल आधी, काळी शेवटी. लाल काढताना पाना चुकून चेसिसला लागला आणि मायनस जोडलेली असेल तर ठिणगी पडते, म्हणून हा क्रम.

रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरीच्या प्लसची वायर, मध्ये फ्यूज. हा फ्यूज बॅटरीपासून १५-२० सेंटीमीटरच्या आत हवा, कारण फ्यूज वायरीला वाचवतो, दिव्याला नाही. फ्यूज लांब असेल तर बॅटरी आणि फ्यूजमधली वायर संरक्षणाशिवाय राहते. ४० वॅटचे दिवे साधारण ३ अँपियर घेतात, ५ चा फ्यूज बास. तो वारंवार गेला तर ७.५ चा लावा, पण आधी वायर कुठे चेपली नाही ना ते बघा. २० चा फ्यूज “म्हणजे जाणार नाही” म्हणून लावणारे लोक मी पाहिलेत. खरंच जात नाही, वायर जाते.

८७ वरून लाल वायर दिव्यांकडे. ८५ वरून काळी थेट बॅटरीच्या मायनसला. दिव्यांची काळी वायरही तिथेच न्या. रंग लावलेल्या चेसिसला अर्थिंग दिलं की सहा महिन्यांनी दिवे लुकलुकायला लागतात. मधला ८७ए हा पाय रिले बंद असताना जिवंत असतो. त्याला काही जोडायचं नाही, उघडाही ठेवायचा नाही. स्लीव्ह चढवून बंद करा.

आता राहिला ८६. याला करंट मिळाला की रिले दिवे चालू करतो. तो गाडीच्या चावीबरोबर येणाऱ्या करंटवरून, बटणातून घ्या. मागच्या दिव्याची वायर त्यासाठी सोयीची, कारण रिलेची कॉइल फक्त ०.१५ अँपियरच्या आसपास घेते, मूळ वायरिंगला कळतही नाही. कात्री न लावता घ्यायचं तर त्या गाडीच्या मागच्या दिव्याच्या कपलरला जुळणारी नर-मादी जोडी आणून मध्ये छोटी वायर बनवा. एक टोक गाडीकडे, एक दिव्याकडे, मधून एक फांदी. काढायचं झालं तर दोन मिनिटांत गाडी पूर्वीसारखी. चावीऐवजी थेट बॅटरीवरून ८६ घेतला आणि बटण चालू राहिलं, तर दिवे रात्रभर जळून बॅटरी सकाळपर्यंत मरते. दिवे जळून गेलेले असले तरी नुसती कॉइल ८ अँपियर-तासाची बॅटरी दोन-सव्वादोन दिवसांत संपवते. हे मी गणित करून नाही, मित्राच्या गाडीला धक्का मारून शिकलो.

लांबचा झोत टाकणारे दिवेही लावायचे असतील तर त्यांना वेगळा रिले द्या आणि ८६ हाय बीमच्या वायरवरून घ्या. लो बीमवर आलं की ते आपोआप विझले पाहिजेत. समोरून ट्रक येताना दोन बटणं शोधत बसायला वेळ नसतो. मीटरने आधी खात्री करा की हाय बीमला १२ व्होल्ट आणि लो बीमला शून्य येतं. नव्या काही गाड्यांत दिवे कंट्रोल युनिटमधून चालतात, तिथे वायर टोचली की डॅशबोर्डवर एरर येतो. अशा गाडीला कंपनीचं किंवा त्या मॉडेलसाठी बनवलेलं हार्नेसच, म्हणजे तयार वायरिंगच, घ्या. वॉरंटीत गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

जोड करताना वायर ६-७ मिमी सोला, थिंबल दाबा आणि मग जोर लावून ओढा. निघाली तर जोड कच्चा होता, बरं झालं आत्ता कळलं. स्लीव्ह चढवून लायटरने नाही, हेअर ड्रायरने किंवा हीट गनने आवळा. लायटरने वायरीचं प्लास्टिक करपतं.

वायर चेसिसच्या मूळ वायरिंगबरोबर न्या, सायलेन्सर आणि इंजिनाच्या पंखांपासून लांब. हँडलच्या मानेपाशी ढील सोडा आणि हँडल दोन्ही टोकांना दहा-बारा वेळा फिरवून बघा. वायर ताणली जाते का, चेपते का, हे हाताने चाचपा. माझी माळशेजची गोष्ट इथेच सुरू झाली होती. रिले सीटखाली, पाय खाली करून बसवा, म्हणजे पाणी साचणार नाही. दिव्यापाशी वायर आधी थोडी खाली उतरवून मग वर घ्या, पाणी त्या वळशावरून टपकतं, कपलरमध्ये शिरत नाही. कपलरमध्ये बोटभर व्हॅसलीन.

चालू करून दोन ठिकाणी व्होल्ट मोजा, बॅटरीवर आणि दिव्याच्या कपलरवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर काम पक्कं. जास्त असेल तर कुठला तरी जोड कच्चा आहे, बहुतेक वेळा मायनसचा. रिले टकटक करत असेल तर व्होल्ट कमी पडतायत. दिवे लावताच हेल्मेटमधल्या ब्लूटूथमध्ये खरखर आली तर दिव्यातलं सर्किट स्वस्तातलं आहे, त्याला इलाज म्हणजे दुसरा दिवा.

भिंतीसमोर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सगळ्यात कमी लोक देतात. टायरमध्ये योग्य हवा, प्रवासाचं सामान लादलेलं, वर स्वतः बसलेले. नुसत्या गाडीवर दिवे बरोबर लावले आणि मग मागे वीस किलोचं सामान बांधलं, की मागचं टोक बसतं आणि दिवे झाडांवर जातात.

भिंतीपासून ८ मीटरवर गाडी सरळ उभी करा. मी पार्किंगच्या फरशा मोजतो, आमच्याकडे एक फरशी दोन फुटांची आहे, तेरा फरशा आणि वर तीन बोटं. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजा. माझी ६२ सेंटीमीटर आहे. भिंतीवर तेवढ्या उंचीवर टेप लावा, तिच्या १२ सेंटीमीटर खाली दुसरी. पसरट दिव्यांची वरची कडा या खालच्या टेपवर यावी. हिशेब असा, ८ मीटरला १२ सेंटीमीटर उतार, म्हणजे झोताची कडा ४१ मीटरवर जमिनीला टेकते. ताशी ६० ला आपण सेकंदाला १६-१७ मीटर जातो, तेव्हा हे अडीच सेकंदांचं अंतर झालं. घाटाच्या वेगाला पुरे, ऐंशीला नाही. ऐंशीला हाय बीम किंवा कमी वेग.

दिवे एकेक करून लावा, दुसरा कापडाने झाका. डावा दिवा किंचित डावीकडे वळवा, कडेची म्हैस तिथेच असते. उजवा सरळ ठेवा, उजवीकडे वळवलात की समोरच्याच्या डोळ्यांत.

मग नियम १०६ ची परीक्षा. भिंतीपाशी, दिव्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर उभे राहा, गुडघे वाकवून डोळे दीड मीटरवर आणा आणि दिव्याकडे बघा. उजेडाची जाणीव होणं ठीक आहे. पण दिव्याच्या आतला एलईडीचा ठिपका डोळ्यात खुपला, नजर हटवाविशी वाटली, तर अजून खाली करा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा आपल्याच दिव्यांना शिव्या घातल्या. समोरून येणारे लोक मला हॉर्न का मारत होते, तेही कळलं. सेटिंग झालं की क्लॅम्पवर आणि दिव्यावर मिळून मार्करने एक रेघ ओढा. नंतर कधी दिवा हलला तर रेघ तुटलेली दिसते.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट एकदा तपासा, पाचशेनंतर पुन्हा. ठाणे-बेलापूर रोडचे खड्डे हे काम लवकर करून देतात. पावसाळ्याच्या आधी कपलर उघडून हिरवट काही दिसतं का बघा, व्हॅसलीन परत भरा. सीटखाली एका पिशवीत मी ५ अँपियरचे दोन फ्यूज, एक जादा रिले आणि १४ चा पाना ठेवतो. रिले आजवर एकदाच बाहेर निघाला, वडखळ नाक्यावर, दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीसाठी.